जागेची कबुली आणि जागेचा ताबा : आभासी डिस्कच्या पूर्ववाटपाचा इतिहास

डेटा सेंटरमध्ये चालणाऱ्या आभासी संगणकाला, म्हणजेच व्हर्च्युअल मशीनला, आपल्यापाशी स्वतंत्र डिस्क आहे असे वाटत असते. ती डिस्क १०० जीबींची आहे असे तिची ऑपरेटिंग सिस्टिम धरून चालते, तिच्यावर फाइल सिस्टिम उभारते आणि कामाला लागते. प्रत्यक्षात मात्र ही डिस्क म्हणजे यजमान संगणकावरील एक फाइल असते. त्या फाइलने सुरुवातीला यजमानाच्या डिस्कवरील एक एमबी जागाही व्यापलेली नसते, असे अनेकदा घडते. बाकीची जागा केवळ कबूल केलेली असते. ती केव्हा द्यावी, कोणी द्यावी आणि देताना ती कोणत्या अवस्थेत असावी, हा प्रश्न आभासी संगणकाच्या जन्मापासून त्याच्यासोबत आहे. जागा आधीच बाजूला काढून ठेवण्याच्या पद्धतीला प्रीअ‍ॅलोकेशन किंवा पूर्ववाटप म्हणतात. वरवर पाहता हा कोठारातील व्यवस्थेचा किरकोळ तपशील वाटतो. परंतु त्याचा इतिहास पाहिला म्हणजे एका शब्दात तीन वेगवेगळी कामे दडलेली होती आणि ती सुटी करायला अभियंत्यांना सुमारे चार दशके लागली, हे ध्यानात येते.

सिलिंडर मोजून दिलेली डिस्क

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात आयबीएमचे केंब्रिज सायंटिफिक सेंटर होते. तेथे रॉबर्ट क्रीझी यांच्या नेतृत्वाखाली सीपी-४० ही प्रणाली तयार झाली आणि जानेवारी १९६७ मध्ये ती प्रत्यक्ष वापरात आली. एकाच सिस्टिम/३६० संगणकावर अनेक वापरकर्त्यांना प्रत्येकी एक संपूर्ण संगणक मिळाल्याचा आभास ती निर्माण करीत असे. पुढे सीपी-६७ आणि १९७२ मध्ये जाहीर झालेली व्हीएम/३७० या तिच्याच वारसदार होत.

या प्रणालींनी डिस्कचा प्रश्न सरळ मार्गाने सोडविला. त्या काळच्या २३११ या डिस्क संचाची क्षमता सुमारे ७.२५ एमबी होती. त्यावरील सलग सिलिंडरांचा एक पट्टा व्यवस्थापक एका वापरकर्त्याच्या नावे लिहून देई. त्याला मिनिडिस्क म्हणत. वापरकर्त्याच्या आभासी संगणकाने आपल्या डिस्कचा शून्य क्रमांकाचा सिलिंडर मागितला, की प्रणाली त्या क्रमांकात पट्ट्याचा आरंभक्रमांक मिळवी आणि खऱ्या डिस्कवरील योग्य जागी जाई. एका बेरजेत काम उरकत असे. कोणता भाग कोठे आहे याचा वेगळा नकाशा ठेवण्याची गरज नव्हती आणि दिलेली जागा ऐन वेळी अपुरी पडण्याचे भयही नव्हते. पूर्ववाटप हा तेव्हा पर्याय नव्हता. तीच एकमेव रीत होती. तिची किंमत उघड होती. वापरकर्त्याने पट्ट्याचा दहावा हिस्साच वापरला, तरी उरलेले नऊ हिस्से दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडत नसत.

त्याच काळात ओएस/३६० या आयबीएमच्या मुख्य प्रणालीने वेगळी तडजोड स्वीकारली होती. तेथे फाइल निर्माण करतानाच जेसीएल या आज्ञाभाषेत प्रारंभिक जागा किती आणि ती संपल्यास प्रत्येक वेळी वाढीव जागा किती, असे दोन आकडे लिहावे लागत. प्रारंभिक जागा लगेच राखून ठेवली जाई, वाढीव जागा गरजेप्रमाणे मिळे. सर्वसाधारण अनुक्रमी फाइलला एका डिस्कवर १६ तुकड्यांपर्यंतच वाढता येई; त्यानंतर काम बी-३७ या संकेतांकाची नोंद करून बंद पडे. मेनफ्रेमवर काम केलेल्या अभियंत्यांना हा संकेतांक चांगलाच ओळखीचा आहे. आगाऊ वाटप आणि गरजेनुसार वाढ, या दोन्ही कल्पना अशा प्रकारे साठच्या दशकातच शेजारी शेजारी नांदत होत्या.

कबुलीवर उभी राहिलेली डिस्क

सत्तरच्या दशकात युनिक्सने फाइलकडे पाहण्याची दृष्टी बदलली. युनिक्समधील फाइलच्या शेवटच्या पुष्कळ पुढे जाऊन एक बाइट लिहिला, तरी मधली जागा व्यापली जात नाही. तेथे एक पोकळी राहते आणि ती वाचल्यास शून्ये मिळतात. अशा फाइलला विरळ फाइल म्हणतात. आभासी डिस्कसाठी ही सोय जणू आयतीच तयार होती. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने साध्या वैयक्तिक संगणकावर आभासी संगणक चालवून दाखविला, २००३ मध्ये फाब्रिस बेलार यांनी क्यूएमयू हे मुक्त सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत समाविष्ट झाले. या सर्व प्रवासात ‘लिहाल तेवढीच जागा घ्या’ हे धोरण लोकप्रिय झाले. साठवणयंत्रांच्या बाजारात त्याला थिन प्रोव्हिजनिंग हे नाव मिळाले. १ टीबी डिस्कवर प्रत्येकी १०० जीबींचे ३० आभासी संगणक सुखाने राहू शकत होते. अट एवढीच, की सर्वांनी एकाच वेळी आपला हक्क मागू नये.

क्यूएमयूच्या क्यूकाऊ-२ या डिस्करचनेत ही कबुली कशी नोंदविली जाते, ते पाहण्यासारखे आहे. आभासी डिस्कचे ६४ केबींचे क्लस्टर पाडलेले असतात. कोणता क्लस्टर फाइलमध्ये कोठे आहे, हे दोन पातळ्यांच्या तक्त्यांत लिहिलेले असते. दुसऱ्या पातळीवरील एक तक्ता स्वतः एका क्लस्टरएवढा असतो. प्रत्येक नोंद ८ बाइटांची, म्हणून एका तक्त्यात ८,१९२ नोंदी मावतात आणि तेवढ्यात आभासी डिस्कचा ५१२ एमबी भाग सामावतो. १ टीबीच्या डिस्कसाठी असे २,०४८ तक्ते लागतात. त्यांचा एकूण आकार १२८ एमबी होतो. याखेरीज कोणता क्लस्टर किती ठिकाणांहून वापरात आहे याची मोजणी वेगळी ठेवावी लागते, कारण त्याच मोजणीच्या आधाराने स्नॅपशॉट घेता येतात.

या रचनेत पहिले लेखन महाग पडते. पाहुण्या संगणकाने केवळ ४ केबी लिहायचे म्हटले, तरी आधी मोकळा क्लस्टर शोधावा लागतो, त्याची मोजणी वाढवावी लागते, डेटा लिहावा लागतो, मग तक्त्यात पत्ता भरावा लागतो. तक्ताच अस्तित्वात नसेल तर तोही निर्माण करावा लागतो. हा क्रमही मनमानी बदलता येत नाही. मोजणी डिस्कवर पोहोचण्यापूर्वी तक्त्यात पत्ता गेला आणि त्याच क्षणी वीज गेली, तर वापरातला क्लस्टर मोकळा असल्याची नोंद राहते. पुढे तोच दुसऱ्या कामाला दिला जातो आणि डेटाचा नाश होतो. क्रम योग्य असेल तर वीज गेल्याने फार तर एखादा क्लस्टर वाया जातो. सुरक्षिततेसाठी पाळावा लागणारा हा क्रमच वेगाच्या आड येत होता.

२००९ मध्ये क्यूकाऊ-२ मध्ये मेटाडेटाच्या पूर्ववाटपाची सोय आली. डिस्क निर्माण होतानाच सर्व तक्ते भरून ठेवायचे, मोजण्या पूर्ण करायच्या, डेटाची जागा मात्र पोकळच ठेवायची, अशी ही युक्ती होती. नकाशा पूर्ण तयार, जमीन मात्र अजून ताब्यात नाही. पूर्ववाटपातील पहिले काम येथे बाकीच्या कामांपासून वेगळे झाले.

ताब्यासाठी एक नवी हाक

जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्यावर नाव लागणे, प्रत्यक्ष ताबा मिळणे आणि आधीच्या कुळाचे सामान हलवून जागा साफ होणे, या तीन गोष्टी वेगळ्या असतात. डिस्कचेही तसेच आहे. तक्ते भरणे ही झाली नोंद. ताबा मिळविण्यासाठी मात्र यजमान संगणकाच्या फाइल सिस्टिमला सांगावे लागते, की इतकी जागा या फाइलसाठी राखून ठेव.

असे सांगण्याची चांगली सोय लिनक्समध्ये दीर्घकाळ नव्हती. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या एक्सएफएस या फाइल सिस्टिममध्ये तिची स्वतःची आज्ञा होती. २००१ च्या पॉझिक्स मानकाने एक सर्वसाधारण फंक्शनही ठरवून दिले होते. पण फाइल सिस्टिमचे साहाय्य नसेल तेथे लिनक्सची सी लायब्ररी प्रत्येक ब्लॉकमध्ये एक बाइट लिहून ते काम कसेबसे पार पाडीत असे. राखून ठेवण्याच्या नावाखाली साऱ्या फाइलवर एकदा लेखन होत असे.

२००७ मध्ये आयबीएममधील अभियंता अमित अरोरा यांनी फॅलोकेट ही नवी सिस्टिम कॉल लिनक्स समुदायापुढे मांडली. ईएक्सटी-४ या तेव्हा घडत असलेल्या फाइल सिस्टिमसाठी तिची गरज होती. त्याच वर्षी ओटावा येथील लिनक्स परिसंवादात ईएक्सटी-४ वर सादर झालेल्या निबंधाच्या लेखकांत बंगळूरू येथील आयबीएमच्या सुपर्णा भट्टाचार्य यांचाही समावेश होता. आज जगभरच्या सर्व्हरांवर चालणाऱ्या या पायाभूत सोयीच्या घडणीत भारतीय अभियंत्यांचा असा सहभाग आहे. त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

फॅलोकेटवरील चर्चेत बराच वेळ एका क्षुल्लक भासणाऱ्या मुद्द्यावर गेला: चार प्राचलांचा क्रम कोणता असावा? आरंभस्थान आणि लांबी हे दोन्ही आकडे ६४ बिटांचे होते. ३२ बिटांच्या काही प्रोसेसरांवर असा आकडा ठरावीक जोडीच्या रजिस्टरांतच ठेवता येतो, तर आयबीएमच्या एस-३९० मेनफ्रेमवर ३१ बिटांच्या पद्धतीत शेवटचा आकडा अर्धा रजिस्टरात आणि अर्धा स्टॅकवर, असा दुभंगत होता. फाइल, प्रकार, आरंभस्थान, लांबी हा क्रम अखेर ठरला आणि एस-३९० साठी वेगळे आवरण लिहावे लागले. ज्या यंत्रकुळात मिनिडिस्क जन्मली, त्याच कुळातील यंत्रासाठी पूर्ववाटपाच्या नव्या हाकेत अपवाद करावा लागला. जुलै २००७ मध्ये ही सिस्टिम कॉल मुख्य कर्नलमध्ये आली आणि २.६.२३ या आवृत्तीपासून ती सर्वांना उपलब्ध झाली.

आधीच्या भाडेकरूचे सामान

फॅलोकेट काही सेकंदांत शेकडो जीबी राखून ठेवू शकते, कारण ती तेथे काहीच लिहीत नाही. मग प्रश्न उरतो, की त्या ब्लॉकमध्ये आधी कोणाचा तरी डेटा होता, त्याचे काय? पुसलेल्या फाइलचा मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो. तो नव्या मालकाला वाचता आला, तर एका ग्राहकाचे पासवर्ड वा नोंदी दुसऱ्याच्या हाती पडतील. अनेक अनोळखी ग्राहक एकाच यंत्रावर नांदतात त्या क्लाउडमध्ये हा धोका काल्पनिक राहत नाही.

एक्सएफएस आणि ईएक्सटी-४ यांनी यावर एक खूण योजली. राखून ठेवलेल्या पट्ट्यावर ‘अजून न लिहिलेला’ असे नोंदवायचे आणि कोणी तो वाचू लागल्यास डिस्ककडे न जाता सरळ शून्ये द्यायची. प्रत्यक्ष लेखन झाले, की तेवढ्या भागावरची खूण काढायची. मात्र खूण काढणे हाही मेटाडेटातील बदल असतो आणि तो फाइल सिस्टिमच्या जर्नलमध्ये नोंदवावा लागतो. ताबा आधीच मिळाला असला, तरी पहिल्या लेखनाची किंमत पूर्णपणे टळत नाही, ती अशी.

ही किंमत टाळण्याच्या इच्छेतून २०१२ मध्ये मोठा वाद झाला. जुना डेटा झाकण्याची खूणच नको, राखलेली जागा जशी आहे तशी द्यावी, असा पर्याय फॅलोकेटला जोडण्याचा प्रस्ताव ईएक्सटी-४ च्या विकासकांपुढे आला. गूगलसारख्या कंपनीत सर्व यंत्रे आणि त्यांवरील प्रोग्राम एकाच मालकाचे असतात. तेथे असा बदल अंतर्गत वापरातही होता. विरोधकांचे म्हणणे असे, की वेगासाठी सुरक्षेचे दार उघडणारा पर्याय एकदा सर्वसाधारण कर्नलमध्ये आला, की तो चुकीच्या ठिकाणी वापरला जाणारच. त्यापेक्षा खूण काढण्याची क्रिया वेगवान करावी. प्रस्ताव मुख्य कर्नलमध्ये स्वीकारला गेला नाही. त्याच्यासाठीचा संकेतक्रमांक तेवढा राखून ठेवण्यात आला आणि तो आजही लिनक्सच्या हेडर फाइलमध्ये दिसतो. जागा राखण्याच्या आज्ञेतच एक क्रमांक कायमचा राखीव राहिला आहे.

तीन कामे, तीन पर्याय

क्यूएमयूच्या २०१४ मधील विकासात ही तीन कामे वापरकर्त्यासमोर स्पष्ट पर्यायांच्या रूपाने आली. काहीही आधी न करणे हा मूळ मार्ग. त्यानंतर केवळ तक्ते भरणे, तक्ते भरून फॅलोकेटने जागा राखणे आणि तक्ते भरून सर्व जागेवर शून्ये लिहून काढणे, असे चढते टप्पे. व्हीएमवेअरकडेही हेच चित्र दुसऱ्या नावांनी दिसते. तेथे थिन डिस्क असते. जागा राखलेली पण पहिल्या लेखनाच्या वेळी शून्ये भरणारी थिक डिस्क असते. आणि आरंभीच सर्व शून्ये भरून घेणारी तिसरीही असते. २००९ मध्ये आलेल्या तिच्या फॉल्ट टॉलरन्स सुविधेला हा तिसराच प्रकार लागत असे. शेकडो जीबी शून्ये लिहिण्यात वेळ जाई. म्हणून २०१० पासून हे काम साठवणयंत्राकडेच सोपविण्याची सोय झाली.

यांपैकी कोणताही पर्याय सर्वश्रेष्ठ नाही. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत पन्नास आभासी संगणक आठवड्याभरासाठी हवे असतील, तर काहीही राखून न ठेवणे शहाणपणाचे ठरते. बँकेच्या डेटाबेसला ऐन व्यवहारात जागा संपल्याचे कळणे परवडत नाही. तेथे पूर्ण वाटपच हवे. कबुलीवर चालणाऱ्या डिस्कचा खरा धोका असा, की पाहुण्या संगणकाला आपली डिस्क अर्धी रिकामी दिसत असते आणि यजमानाकडे मात्र जागाच उरलेली नसते. आपल्या हिशेबात मोकळ्या असलेल्या जागेवर लेखन का फसावे, हे त्याला समजण्याचा मार्ग नसतो. म्हणून क्यूएमयू अशा वेळी मूळ ठरावाप्रमाणे पाहुण्याला चूक कळवीत नाही. तो संपूर्ण आभासी संगणक जागच्या जागी थांबवितो, व्यवस्थापकाने जागा करून दिली की तेच लेखन पुन्हा करतो आणि पाहुण्याला या खंडाचा पत्ताही लागत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे. पण येथे पाहुण्याला अंथरूण दिसतच नाही, म्हणून ते पाहण्याची जबाबदारी यजमानावर येते.

थोडे थोडे पुढे

एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या क्यूएमयू ६.० मध्ये या इतिहासाला आणखी एक वळण मिळाले. काही फाइल सिस्टिमवर, विशेषतः अनेक यंत्रांवर पसरलेल्या साठवणीत, फाइलची लांबी वाढविणे हेच संथ काम असते. आभासी डिस्क प्रत्येक लेखनासोबत थोडी थोडी वाढू लागली, की ही संथपणाची किंमत वारंवार मोजावी लागते. व्हर्चुओझो या कंपनीच्या अभियंत्याकडून आलेला उपाय असा, की डिस्करचना आणि खरी फाइल यांच्यामध्ये एक पातळ स्तर बसवायचा. फाइलच्या शेवटापलीकडे लेखन झाले, की तो मूळ ठरावाप्रमाणे १२८ एमबी जागा एकदम आगाऊ घेतो आणि फाइलची लांबी १ एमबीच्या पटीत ठेवतो. पुढची अनेक लेखने त्या राखीव जागेत विनासायास होतात.

कल्पना सोपी असली, तरी रचनेत कस लागतो. आता फाइलचा शेवट एक राहत नाही. डेटा कोठे संपतो, शून्यांनी भरलेला भाग कोठून सुरू होतो आणि फाइल प्रत्यक्षात कोठे संपते, हे तीन आकडे वेगळे सांभाळावे लागतात. वरच्या स्तराने लांबी विचारली, तर डेटाचा शेवट सांगायचा. अन्यथा आगाऊ घेतलेली जागा त्याला खरीच वाटेल. त्या भागावर शून्ये लिहिण्याची विनंती आली, तर काहीच न लिहिता काम झाल्याचे सांगता येते, कारण तेथे शून्येच आहेत. दुसऱ्या कोणी त्याच वेळी फाइलची लांबी बदलू नये, म्हणून तो अधिकार या स्तराने स्वतःकडे ठेवावा लागतो आणि काम संपताना जास्तीची जागा छाटून परत करावी लागते. जेसीएलमधील प्रारंभिक आणि वाढीव जागेची जुनी तडजोड येथे नव्या रूपात परतली. फरक एवढाच, की आता आकडा प्रोग्रामरला आधी ठरवावा लागत नाही.

वचन किती खोल जाते

पूर्ववाटपाची हमी ज्या स्तराला मागितली, त्या स्तरापुरतीच असते. यजमानाची फाइल सिस्टिम ज्या साठवणयंत्रावर आहे तेच कबुलीवर चालत असेल, तर फॅलोकेटने राखलेली जागाही वरच्या मजल्यावरची कबुलीच ठरते. बीटीआरएफएस, झेडएफएस यांसारख्या फाइल सिस्टिम जुन्या ब्लॉकवर न लिहिता नवा ब्लॉक घेतात. तेथे स्नॅपशॉट घेतल्यानंतर जुनी राखीव जागा कामी येत नाही. लिहिलेली शून्ये संकोचनात नाहीशी होऊ शकतात. एनएफएसवरून फाइल ठेवली, तर जागा राखण्याची आज्ञा पलीकडे पोहोचविण्याची सोयच २०१६ मध्ये प्रमाणित झालेल्या ४.२ या आवृत्तीत आली. म्हणून रचनाकाराने प्रत्येक स्तराला तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: नोंद झाली आहे का, ताबा मिळाला आहे का, आणि जागा साफ आहे का?

लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर विद्यार्थ्याला हे पडताळता येते. आभासी डिस्कच्या फाइलवर एलएस ही आज्ञा लांबी दाखविण्याच्या पर्यायासह चालवावी आणि नंतर डीयू ही आज्ञा चालवावी. पहिली फाइलची सांगितलेली लांबी दाखविते, दुसरी तिने प्रत्यक्ष व्यापलेली जागा. दोन आकड्यांत जेवढे अंतर असेल, तेवढी जागा अजून कोणाला तरी, केव्हा तरी द्यायची आहे.